अजून धोका नाही

उधवा, रविवार, १९ नोव्हेंबर १९६१

आलो एकदाचे! डहाणू रोडला गाडीतून उतरलो आणि पुढे गवत सोडून परत निघालेला एक ट्रक मिळाला. ड्रायव्हरशेजारी बसून इथवर आले. ह्यांनी माझ्या पाठीशी उशी दिली आणि दर वळणाला ड्रायव्हरला सांगत राहिले, जरा हळू घ्या. शेवटी त्याने गुजरातीत विचारलं की मास्तर, गोणपाटात काचसामान आहे का. हे लाजले आणि मी पदराआड हसले.

शाळेला लागूनच आमची खोली आहे. नवी कौलं, सारवलेली जमीन, पश्चिमेला मोठी खिडकी. समोर भाताची खळी आणि त्यापलीकडे ताडाची झाडं. शाळेचं पाणी भरणारी सोनीबाई आमचंही भरणार आहे. तिने हंडा उतरवला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तिसरा सरला ना, असं विचारलं. पेणला अजून शेजारणींनाही कळलेलं नाही आणि हिने एका नजरेत ओळखलं.

ह्यांनी सुताराकडून पाळण्यासाठी सागाची फळी मागवली आहे. आत्तापासून कशाला म्हटलं, तर म्हणाले, माझ्या हाताला वेळ लागतो.

२१ डिसेंबर

आज दुपारी तांदूळ निवडताना पोटात काहीतरी हललं. मासोळीने शेपटी मारावी तसं. मी ताट तसंच ठेवून बसून राहिले. पुन्हा हललं. शाळा सुटेपर्यंत मला धीर नव्हता. ह्यांनी हात ठेवला, पण त्यांच्या हाताला काही लागेना. तरी कळलं कळलं म्हणाले.

१५ जानेवारी १९६२

संक्रांतीला शेजारच्या पाड्यावरच्या बायका तिळगूळ घ्यायला आल्या होत्या. सगळ्यांचं लक्ष पोटाकडे. सोनीबाईने बोटं मोजली आणि म्हणाली, पाचवा सरला म्हणतेस, पण हे आठव्याचं दिसतंय, जुळं असणार. बायकांनी दोन नावं सुचवूनही टाकली. मीही हसले. पण अलीकडे जिना चढल्यासारखा दम लागतो, आणि इथे जिना कुठे आहे?

पोटाची कातडी इतकी ताणली आहे की चकाकते.

३० जानेवारी

आडवी झाले की श्वास पुरत नाही. भिंतीला टेकून बसते, तशीच झोपते. डहाणूच्या डॉक्टरांना दाखवावं असं ह्यांना म्हटलं. पण आजच सासूबाईंचं पत्र आलंय. शनिवारपासून अष्टग्रही आहे, आठ ग्रह एका राशीत. गर्भारशीने पाच तारीख उलटेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही, सुरीला हात लावायचा नाही. ह्यांचा विश्वास नाही, पण आईचा शब्द मोडवत नाही. आठवड्याने काय बिघडतं, म्हणाले.

७ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे जाऊन आलो. माणूस वयस्कर, शांत. पोट चाचपताना त्यांचे हात ओटीपोटाशी थांबले. मग वर, बरगड्यांपाशी गेले. मग पुन्हा खाली. फार वेळ. पाणी जास्त आहे म्हणाले. जुळं आहे का विचारलं तर म्हणाले, एक्स-रेचा फोटो काढू, मग सांगतो. फोटो बलसाडला निघतो.

१३ फेब्रुवारी

काल फोटो काढून आलो. आज हे फोटोचं पाकीट घेऊन एकटेच डहाणूला गेले. परत आले ते दिवे लागणीच्या सुमारास. जुळं नाही, एकच आहे, सगळं ठीक आहे, असं म्हणाले आणि थेट हात-पाय धुवायला गेले.

१८ फेब्रुवारी

पाळण्याची फळी कोपऱ्यात उभी होती. आज ती दिसली नाही. विचारलं, तर शाळेत बाक दुरुस्त करायला लागली, असं म्हणाले.

पोटाला हात लावत नाहीत आता. बाळ इतकं उसळतं की साडीवरून दिसतं. मी म्हणते बघा बघा, आणि हे वहीत डोकं घालतात.

२४ फेब्रुवारी

मतदानाच्या कामासाठी ह्यांना झरीला जावं लागलं, उद्या येतील. मी ट्रंकेतली चादर काढत होते. चादरीखाली ते बलसाडचं पाकीट होतं.

दुपारचं लख्ख ऊन होतं. मी फोटो खिडकीशी धरला. आधी काही उमजेना, सगळं धुरकट. मग माझ्या कमरेची हाडं दिसली. मग त्याचा कणा, मोत्यांच्या सरासारखा. बरगड्या, बारीक, माशाच्या काट्यांएवढ्या. दोन हात, दोन पाय. मी हसत होते, खरंच हसत होते.

कणा खाली मानेपर्यंत आला होता. पुढे डोकं दिसेना.

फोटो उलटा केला. आडवा धरला. काच पुसावी तसा पदराने पुसला. चेहऱ्याची थोडी हाडं आहेत, बटणाएवढी. वरची कवटी नाही. तिथे नुसता काळोख.

आणि मी तो हातात धरून उभी असताना आतून लाथ बसली.

२५ फेब्रुवारी

हे आले. मी फोटो समोर ठेवला. उंबऱ्यातच बसले, चपला तशाच पायात. रडत सगळं सांगितलं. मेंदू झालेलाच नाही. जन्मलं तर तासभर जगेल, फार तर दिवस. कुणाचा दोष नाही, असं होतं कधी. डॉक्टर त्यांना म्हणाले होते, बाईंना सांगू नका, धसका घेतील.

बारा दिवस ह्यांना माहीत होतं. बारा दिवस मी त्याच्याशी बोलत होते आणि हे ऐकत होते.

पुढचं मग रात्री सांगितलं. असं मूल वेळेवर येत नाही. डोकंच नसल्यामुळे कळा सुरू व्हायला उशीर होतो. नववा उलटतो, कधी दहावाही.

१ मार्च

मी स्वतः डॉक्टरांसमोर बसले. ह्यांना बाहेर थांबायला सांगितलं. म्हटलं, मला मोकळं करा.

त्यांनी दार लोटून घेतलं. कायदा सांगितला. आईचा जीव वाचवण्यापुरतीच मुभा आहे. मूल जगणार नाही, एवढं कारण चालत नाही. त्यांच्या ओळखीच्या एका डॉक्टरवर खटला झाला, दवाखाना बंद पडला. मुंबईलाही हेच सांगतील. मग माझं प्रेशर घेतलं, पाय दाबून पाहिले आणि म्हणाले, "अजून धोका नाही."

मी विचारलं, "मरायला किती टेकले म्हणजे चालेल, डॉक्टर?"

ते मनगटावरचं घड्याळ काढून पुन्हा बांधत राहिले. वाईट माणूस नाही. दर चार दिवसांनी या म्हणाले.

४ मार्च

सोनीबाईला सगळं सांगितलं. ती उठून गेली आणि झरीहून बुधीबाईला घेऊन आली. सत्तरीची सुईण. तेलाचा हात पोटावर फिरवला. डॉक्टरांचे हात थांबले होते तिथेच तिचेही थांबले. तिला फोटो लागला नाही.

हात धुऊन शेजारी बसली. मी म्हटलं, तुमच्याकडे पोट पाडायची मुळी असते म्हणतात. तिने लाडकीची गोष्ट सांगितली. झरीचीच पोर, पंधराची. आपल्याला काय झालंय हेच तिला पाचव्यापर्यंत ठाऊक नव्हतं. आईने पाय धरले म्हणून बुधीबाईने मुळी दिली. तिसऱ्या दिवशी पोर तापाने गेली. तेव्हापासून ती कुणाला देत नाही.

"तुझं पानी लय हाय, बाय. मी हात घातला तर रगत थांबायचं नाय. तिसऱ्यात आली असतीस तर बघितलं असतं."

मी म्हटलं, "तिसऱ्यात मी आनंदात होते, आजी."

तिने माझं डोकं मांडीवर घेतलं. म्हणाली, उशिरा येणाऱ्या सगळ्याच असं काहीतरी घेऊन येतात.

८ मार्च

पाड्यावरच्या बायका ओटी भरायला आल्या. सोनीबाई अडवत होती, पण कारण काय सांगणार? नारळ, तांदूळ, खण. प्रत्येकीने पोटाला हात लावून हात डोळ्यांना लावला. एकीने गाणं म्हटलं. गाण्याच्या आवाजाला ते आतून हललं. त्याला ऐकू येतं का? कशाने?

मला त्याची भीती वाटते. आणि त्याच्यावर कुणी काही बोललेलं सहन होत नाही. दोन्ही एकाच वेळी. हे कुणाला सांगू?

१० मार्च

पाय सुजले. बोट दाबलं की खळगा राहतो. तासभर तो खळगा बघत बसले. आनंद झाला. आपल्याच सुजेचा आनंद — कसली झाले मी?

हे मीठ कमी कर म्हणतात. मी नाही केलं.

१२ मार्च

डोकं फुटतंय. मागून, मानेपासून. डॉक्टरांकडे नेलं. प्रेशर वाढलंय. किती विचारलं. पुरेसं नाही — असं म्हणाले नाहीत, पण तोंडावर तेच. परवा या. ह्यांनी पहिल्यांदा आवाज चढवला. टेबलावर हात आपटला. डॉक्टरांचे डोळे भरले.

दोन पुरुष, आणि दोघे वाट बघताहेत मी आणखी आजारी पडण्याची. मीही.

१३ मार्च, सकाळ

डोळ्यांपुढे काजवे. ह्यांच्या चेहऱ्याचा अर्धाच भाग दिसतो. वरचा अर्धा नाही.

किंचाळले असेन. सोनीबाई धावत आली.

१३ मार्च, डहाणू रोड, दुपार

फलाटावर. आता धोका आहे, म्हणाले डॉक्टर, प्रेशर इतकं चढलं की झटके येतात. चिठ्ठी दिली, मुंबईच्या इस्पितळात लगेच मोकळं करतील. गाडीला पाऊण तास. हे तारऑफिसात गेलेत. सोनीबाईच्या खांद्याला टेकून लिहिते आहे. आता परवानगी आहे —

बाळ हललं. त्याला कसं सांगू, की तुझ्यावर राग नाही — कधीच —

पोटात वर, बरगडीखाली, जोरात दुखतंय. ऊन पांढरं झालंय. अक्षरं दोन दोन —

सोनीबाई काहीतरी बोलते आहे, ओठ हलताहेत. आवाज नाही —

उजवा हात आपोआप उडतो. वरची रेघ मी ओढलेली नाही. हीसुद्धा —

हे येताना दिसताहेत. धावताहेत. त्यांना सांगा मी अजून