मिनिटाला सोळा

३ मार्च
कारखान्यातली आमची वार्षिक वैद्यकीय तपासणी पंधरा दिवसांवर. गेल्या वर्षीचा रिपोर्ट काढला. श्वासापुढे लिहिलंय 'युप्निया'. धसकाच घेतला. औषधवाल्याला विचारलं. म्हणाला, काका, म्हणजे सहज चालणारा नॉर्मल श्वास, मिनिटाला बारा ते वीस. म्हणजे वर्षभर मला युप्निया होता आणि मला पत्ताच नाही! यंदा असा निष्काळजीपणा नको. फिट सर्टिफिकेट नाही तर क्रेन नाही. आणि क्रेनच्या खुर्चीवर मेहुणा टपून बसलाच आहे.

संकल्प: रोज पहाटे अर्धा तास सहज श्वास घेण्याचा सराव. कडक.

४ मार्च, सकाळी ६
मिनिटाला नऊ. कमी पडले. जोर लावला. एकतीस! मधलं काही जमेना. घड्याळाचा सेल बदलावा.

७ मार्च
बरोब्बर सोळा आले! घामाने बनियन भिजलं. सहजपणाला केवढी मेहनत लागते, लोकांना काय कळणार.

९ मार्च
बायको म्हणाली, जेवताना असं फुसफुसू नका, मुलं घाबरतात. विचारलं, तू कधी स्वतःच्या श्वासाकडे लक्ष दिलंयस? म्हणाली, नाही बाई, वेळच कुठे मिळतो. तिची काळजीच वाटते.

१४ मार्च
आता क्रेनवरही मोजतो. आज तेरा-चौदा करता करता पाइपांची मोळी साहेबांच्या सायकलवर उतरली. मेहुणा खाली उभा राहून दात काढत होता. सायकल तिथे लावायचीच कशाला?

१८ मार्च
तपासणी. डॉक्टरीणबाईंनी मनगट धरलं, घरच्यांची चौकशी केली. मला वाटलं नाडी बघतायत, म्हणून श्वासाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, दम राखून ठेवला. मग म्हणाल्या, झालं, श्वास सोळा, युप्निया, या आता. म्हटलं, अहो बाई, मी अजून सुरूच कुठे केलंय! निदान तयारी तरी बघा. त्या नको नको म्हणत होत्या. मी दाखवलंच. पहिले दहा झकास. पुढचं आठवत नाही. स्टुलावरून धाडकन पडलो म्हणे.

शेरा: तात्पुरता अनफिट, एक महिना.

१९ मार्च
मेहुणा क्रेनवर. मी खाली, मोळ्यांना चिठ्ठ्या बांधतोय. वरून हात हलवला मेल्याने. फार वाईट वाटलं, डोळ्यांत पाणीच आलं. अकरा वर्षं माझी खुर्ची ती. दिवसभर मान वर करून तिच्याकडेच बघत होतो. त्या नादात श्वास एकदाही मोजला नाही. अख्ख्या दिवसाचा सराव बुडाला.

उद्यापासून एक तास.