उजवा गाल

ता. ६ जानेवारी १९३८, निपाणी
वखारीत गाडी उतरवताना बैल बिथरला. जू ह्यांच्या उजव्या गालावर बसलं. डोळा मिटलाय, तोंड धड उघडत नाही. नुसती पेज. आक्का उशाशी. ह्यांचे थोरले भाऊ आण्णा गेल्यापासून विधवा जाऊ म्हणून धाकट्या दिराच्या खोलीत पाऊल टाकत नव्हत्या. आज टाकलं.

ता. ११
सूज उतरली. गालाच्या जागी खड्डा, वाटीएवढा. ह्यांनी आरसा मागितला. दिला नाही.

ता. १३, बेळगाव
मोटारीनं आलो. आक्काही.
डॉक्टर म्हणाले, "हाड आत गेलंय, उचलायला हवं. उशीर झाला तर तसंच जुळेल. आधीचा फोटो आहे?" ह्यांचा एकही नाही. आक्कांनी पदराआडून आण्णांचा काढला. "ह्यो बघा. दोघं भाऊ एकसारखेच."
एकसारखे कुठं? ह्यांचा गाल बसका, आण्णांचा उंच. मी तसं बोलले. डॉक्टर हसले. "हाड आपल्याच जागी बसतं, बाई. मी मूर्ती घडवत नाही."

ता. १४
क्लोरोफॉर्म. कानाच्या वर केसांत चीर देऊन, तिथून लोखंडी पट्टी हाडाखाली सारून उचललं म्हणे. दाराबाहेर मला ऐकू आलं. खट्. त्याच क्षणी आक्का म्हणाल्या, "आले."
"कोण आलं?"
त्यांनी डोईवरचा पदर सारखा केला.

ता. १७
गाल वर आला. उंच. डॉक्टर खूश.
हे बोटांनी चाचपत होते. "माझा वाटत न्हाय गं. दुसऱ्याच्या तोंडावर हात ठेवल्यागत." शीर दुखावलीय, बधिरपणा जायला महिने लागतील, असं डॉक्टर म्हणतात. ह्यांना एकाचे दोनही दिसतात.
"तुझ्यामागं कोण उभं हाय?"
कुणी नव्हतं. तेही डोळ्यामुळंच असणार.

ता. २५, निपाणी
घरी. वखारीतला म्हातारा हमाल भेटायला आला. ह्यांना बघून दारातच थबकला. मग पाया पडला आणि रडाय लागला, "थोरलं मालक" म्हणत. ह्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याची चूक काही सुधारली नाही.
दुपारी आक्का वाढायला पुढं. ह्यांना तिखट सोसत नाही, तरी त्यांनी आण्णांच्या आवडीचा खर्डा वाढला. ह्यांनी सगळा खाल्ला. म्हणाले, "लई दिवसांनी."

ता. ८ फेब्रु.
बेळगावला दाखवून आलो. डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं, हाड किंचित खाली नाही का करता येणार? बघतच राहिले. "आता जुळलंय. चांगले दिसतायत की."
परतताना मोटारीत ह्यांना डुलकी लागली. मी डावीकडं बसलेली. डावीकडून माझेच आहेत.

ता. २१
घरात ह्यांनी कधी कानडी बोललेलं मला आठवत नाही. कानडी आण्णा-आक्कांची, दोघांच्या आपसातली.
आज दिवस मावळायच्या आत जेवायला बोलवावं म्हणून सोप्यात गेले. हे पाटावर. समोर आक्का, हातात हिरव्या बांगड्या. माझी चाहूल लागूनही लपवल्या नाहीत.
ह्यांच्याकडं बघत त्यांनी कानडीत विचारलं, कधी आलात?
"ईग बंदे." आत्ताच आलो. आवाज ह्यांचाच. की...
मी हाक मारली. लग्नापासून पहिल्यांदा, नावानं. "बाळगोंडा!"
दोघांनी वळून माझ्याकडं बघितलं. परकं माणूस घरात शिरल्यावर बघतात तसं.