आबांनी घेतलेला तास

गुरुवार, १८ जुलै, संध्याकाळ

आज आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तास घेतला तो माझ्या वडिलांनी, आबांनी! पोरं त्यांचं बोलणं वहीत उतरवून घेत होती. अजून खरं वाटत नाही.

यंदा गावातल्या एकेका समाजाची माहिती त्याच समाजाच्या माणसानं वर्गात सांगायची, असं ठरलंय. आज आम्हा धनगरांची पाळी होती. मी शिकत होतो तेव्हा याच वर्गात, अंगाला मेंढरांचा वास येतो म्हणून माझ्याशेजारी कुणी बसत नसे. सातवीनंतर मी शाळा सोडली. आबांनाही हसले तर? म्हणून समाजाचा इतिहास मी शुद्ध भाषेत चार पानं लिहून त्यांच्याकडून पाठ करून घेतला होता.

आबांनी त्यातलं एक वाक्यही म्हटलं नाही. दारात पायताण काढलं आणि खुर्ची सोडून पोरांत खाली बसले.

एका मुलीनं विचारलं, "आजोबा, एवढ्या मेंढरांत कोकराला आपली आई कशी कळती?"

"त्याला कुठलं कळतंय? दिसंल तिला लुचतंय. आईच हुंगून बघती. वास आपला न्हाय, की दिली लाथ!"

वर्ग हसला. पण पोरं आबांना हसत नव्हती. एकेक जण पुढं येऊन त्यांच्या खांद्यावरच्या घोंगडीचा वास घेई आणि पुन्हा वहीत लिही.

निघताना तीच मुलगी मला म्हणाली, "दादा, तुमच्या वेळी आजोबांना का बोलावलं नव्हतं?"

तेव्हा पालकसभेची चिठ्ठी आली की मीच ती आबांपासून लपवायचो.