वजा शंभर

मंगळवार, दि. १४
दुपारी १ वाजून २० मिनिटे
दुकानाची मागची खोली

प्रिय ताई,

नमस्कार. तू, भावोजी आणि छोटी बरे असाल. छोटीचा पुढचा दात पडल्याचं तू लिहिलंस ते बाबांना काल वॉर्डमध्ये वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तिचा दात, माझं बोट. एका घरातून एका महिन्यात किती सुटे भाग जायचे?" शेजारच्या खाटेवरचे आजोबा हसून हसून खोकायला लागले. तेव्हा बाबांची जीभ शाबूत आहे, हे आधी सांगतो.

मी आत्ताच जेवलो. पहिला घास एक वाजून दहा मिनिटांनी घेतला. तीन दहापर्यंत मला कुठे जायचं नाही, म्हणून कागद घेऊन बसलो. मालक जेवायला घरी गेलेत. टेबलावर दुरुस्तीला आलेले तीन वजनकाटे आहेत, पण आज हात चालत नाही.

फोनवर तुला सांगितलं ते सगळं खरं होतं. बाबांच्या कामाच्या बुटात तळातून एक चूक, बारीक खिळा, वर आली होती आणि ती डाव्या पायाच्या दुसऱ्या बोटाला टोचत राहिली. त्यांना कळलंच नाही. लाकडाची फट डोळे मिटून बोटाने सांगणारा माणूस, आणि स्वतःच्या पायात खिळा आहे हे कळेना. मोजा धुताना मला डाग दिसला. मी विचारलं तर म्हणाले, "रंग असेल." मीही दोन दिवस रंगच समजलो. तिसऱ्या दिवशी वास आला.

उद्या सकाळी ते बोट काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, साखर आटोक्यात आली तर तेवढ्यावर भागेल, नाहीतर जखम वर सरकेल. वर म्हणजे कुठे, असं मी विचारलं. त्यांनी हाताने घोट्यापर्यंत दाखवलं आणि हात लगेच मागे घेतला.

हे तुला माहीत आहे. फोनवर बाबा शेजारी होते म्हणून जे बोललो नाही, ते आता लिहितो. जरा थांब, बाटलीत पाणी संपलं.

आलो. १ वाजून ४५ मिनिटे.

तीन महिन्यांपूर्वी बाबांना मधुमेह निघाला आणि तू साखर मोजायचं मशीन पाठवलंस. सोबत तुझ्या अक्षरात सूचना होत्या: हात साबणाने धुऊन कोरडे करायचे, सुई बोटाच्या कडेला मारायची, मध्यावर नाही, पहिल्या घासापासून मोजून दोन तास, आणि आकडा लगेच वहीत. मी तो कागद भिंतीला चिकटवला. एकही सूचना मोडली नाही. बाबा कुरकुरायचे, "माझ्या बोटांची चाळण केलीस रे वेलांटी. इतकं तर सासूसुद्धा टोचत नव्हती." पण हात पुढे करायचे.

पहिल्या आठवड्यातले आकडे २३८, २४६, २२९ असे होते. कागदावर तर १८० च्या आत हवं असं लिहिलेलं. बाबांनी साखर सोडली होती, बटाटा सोडला होता, भाताचे दोन चमचे झाले होते. तरी आकडा हलेना. रोज मशीनकडे बघताना त्यांचा चेहरा नापास झालेल्या पोरासारखा व्हायचा. एकदा जेवणाचं ताट बाजूला सारून म्हणाले, "मग जेवतो कशाला मी?"

मला ते बघवेना. आणि मी काटे दुरुस्त करतो, ताई. आकडा पटला नाही की आम्ही आधी काटा तपासतो. रिकामी परडी शंभर ग्रॅम दाखवत असेल तर प्रत्येक मापातून शंभर वजा. त्यासाठी ज्याचं वजन पक्कं माहीत आहे असं एक वजन लागतं. मी विचार केला, घरात साखरेचा आजार नसलेलं माणूस कोण? मी. वय सत्तावीस, आजवर दवाखान्याची पायरी चढलो नाही. धडधाकट माणसाची साखर जेवणानंतर दोन तासांनी १४० च्या आत असते, असं मशीनच्या खोक्यातल्या कागदावर छापलं आहे. मी १३० धरली.

तीन दिवस मी माझं रक्त तपासलं. हात तीनदा धुतले. २३१. २२६. २४५. सरासरी २३४. म्हणजे मशीन १०४ जास्त दाखवतं. त्यातले चार मी सोडून दिले, उगाच जास्त वजा नको म्हणून.

तेव्हापासून मी बाबांच्या प्रत्येक आकड्यातून शंभर वजा केले. आधी पेन्सिलीने खरा आकडा, मग वजाबाकी, मग खोडरबर, मग शाईने उत्तर. तुला दर पत्रात पाठवले ते आकडे वजा केलेले होते. तुला कळवलं नाही, कारण तू हौसेने पाठवलेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची? तू "शाब्बास वेलांटी" असं लिहिलंस. ते पत्र मी वहीतच ठेवलं आहे.

बाबांना मात्र सांगितलं होतं की मशीन जास्त दाखवतं. ते टुणकन उठले. "मी म्हणत नव्हतो? खोटारडं आहे ते!" त्या दिवशी पुन्हा पोटभर जेवले. मला इतकं बरं वाटलं ताई, काय सांगू.

दीड महिन्याने डॉक्टरांना वही दाखवली. ते म्हणाले, "गोळी वाढवायच्या विचारात होतो, पण आकडे बघता गरज नाही. मोठी तपासणी पुढच्या महिन्यात करू." आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवून, "असा मुलगा सगळ्यांना मिळत नाही." बाबांनी हे गल्लीभर सांगितलं.

२ वाजून २० मिनिटे. दोनदा बाहेर जाऊन आलो. पाण्याची बाटली परत भरली.

ज्या दिवशी बाबांना दाखल केलं, त्या दिवशी सिस्टरने बोट टोचून आकडा वाचला, ३०९. मी पिशवीतून आपलं मशीन काढलं आणि त्याच थेंबावर पट्टी लावली. ३१२. मला वाटलं त्यांचंही मशीन बिघडलं आहे. मी म्हणालो, "सिस्टर, यातून शंभर वजा करायचे असतात."

त्या कापूस टाकता टाकता थांबल्या. "वजा करून आजार जात असता तर आम्ही सगळ्या घरी झोपलो असतो. कोणी सांगितलं वजा करायला?"

"तपासून पाहिलं होतं. धडधाकट माणसाच्या रक्तावर."

"किती आलं होतं?"

"दोनशे चौतीस. सरासरी."

"जेवल्यावर दोन तासांनी?"

"हो."

त्या हसल्या. "कोण तो धडधाकट? आधी त्याला घेऊन या इकडे."

मी म्हणालो, एक ओळखीचा आहे.

मी दुकानात नवा होतो तेव्हा एकदा एका चांगल्या काट्याची पार वाट लावली होती. मालकांनी माझ्या हातातलं वजन घेतलं, नखाने खरवडलं आणि म्हणाले, "काट्याला दोष देण्याआधी वजन बघ गाढवा. हेच चुकीचं आहे." सिस्टर पुढे निघून गेल्या तरी मी तिथेच उभा होतो आणि हेच वाक्य डोक्यात फिरत होतं. हे झालं त्याला आज सहा दिवस झाले. सहा दिवसांत मी बोट टोचलेलं नाही. मशीन खिशात घेऊन फिरतो.

आता सगळ्यात वाईट लिहितो. डॉक्टरांना वाटतं की साखर आधी उत्तम होती आणि जखमेमुळे एकाएकी चढली. त्यांना आधीचे आकडे ताडून बघायचे आहेत, त्यावर पुढचं औषध ठरवणार आहेत. दोनदा वही मागितली. दोन्ही वेळा मी "घरी राहिली" म्हणालो. वही दोन्ही वेळा माझ्या पिशवीत होती. पान तिरकं धरलं की खोडलेले आकडे दिसतात.

आणि काल बाबांनी मला खाटेवर बसवून घेतलं. हळूच म्हणाले, "तुला एक सांगायचं राहिलं. रागावू नकोस. मी कामावर चोरून बिस्किटं खायचो. रोज दोन. तुझी वही बरोबर होती रे, मीच तिला खोटं पाडलं." मग माझा हात धरून म्हणाले, "डॉक्टर काही बोलले तर सांग, म्हातारा चोर आहे."

दोन बिस्किटं, ताई. मी म्हणालो, "असू द्या बाबा." मी त्यांना माफ केलं! तिथे बसून, त्यांच्या हातात हात देऊन, मी त्यांना माफ केलं आणि घरी आलो.

तू रविवारी येशील तोवर उद्या होऊन गेलेला असेल. हे पत्र त्याआधी हातात पडेल का, कोण जाणे. तू ओरडशील. ओरड. पण मला एवढं सांग, मी कोणती सूचना मोडली? रोज रात्री तुझा कागद वरपासून खालपर्यंत वाचतो. दुसऱ्या कोणाची साखर मोजायची नाही, असं त्यात नाही.

२ वाजून ५५. मालक आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "काय रे, काटे काय स्वतःहून दुरुस्त व्हायची वाट बघतोयस?" मग टेबलावरचं मशीन दिसलं. पुढचं दार ओढून घेतलं आणि बाहेर पाटी लावून आले. आता शेजारी बसलेत, जुनं वजन फडक्याने पुसताहेत.

चार वाजता भेटायची वेळ सुरू होते. वही पिशवीत आहे. डॉक्टर आधी की बाबा आधी, हे अजून ठरत नाही. डॉक्टरांना सांगायला तोंड उघडेल असं वाटतं. बाबांचं माहीत नाही. ते म्हणतील, "होतं रे", आणि ते मला ऐकवणार नाही. आणि कोणालाही सांगितलं तरी बोट उद्या जाणारच आहे.

३ वाजून ८. हात धुतले, कोरडे केले. डाव्या हाताचं मधलं बोट, कडेला.

३ वाजून १० मिनिटे: २७१.

शाईने लिहिलं आहे. वजा काही नाही.

तुझा,
वेलांटी