पडद्यामागचा हशा

सुरत, मंगळवार, १९९६

नातीने, छकुलीने, शाळेच्या कवितापाठातून स्वतःचं नाव काढून घेतलं. वर्गात नवी हुशार मुलगी आलीय, एवढंच निमित्त! मी शिकवलेली चाल वाया गेली म्हणून दिवसभर चिडलो होतो. संध्याकाळी टीव्हीवरच्या मालिकेत नेमकं तेच. घरचा कौतुकाचा हुशार पोरगा, समोर नवा स्पर्धक, आणि ऐन वेळी पोरगा ओळ विसरला. त्यावर तो रेकॉर्ड केलेला हशा! हसण्यासारखं काय होतं त्यात? आमच्या वेळी कुणी अडखळलं की सगळा वर्ग पुढची ओळ चालीवर उचलायचा.

मी शेजारी बसलेल्या छकुलीला म्हटलं, "बघ, विसरला तरी पळाला नाही."

"आजोबा, चूप बेसो ने!" तिने गुजरातीत मला गप्प बसवलं. मग हळूच म्हणाली, "सगळे कसे हसले, ऐकलंत ना? म्हणूनच मी नाव काढून घेतलं."

तो हशा अजून कानात आहे. तिच्या वर्गात पुढची ओळ उचलायला मी कुठून जाऊ?