शर्टाचं वरचं बटण

ताई,

ऑक्युपेशनल थेरपीच्या पदव्युत्तर परीक्षेत मी प्रात्यक्षिकात नापास झाले. पक्षाघात झालेल्या एका काकांना शर्टाचं वरचं बटण स्वतः लावायला शिकवायचं होतं. अशा वेळी मदतीला धावायचं नाही, म्हणून आम्हाला हात मांडीखाली घेऊन बसायला सांगतात. काकांची बोटं काजापाशी येऊन घसरत होती. सहा मिनिटं कशीबशी काढली आणि मग मीच बटण लावून मोकळी झाले. परीक्षक बाई म्हणाल्या, "त्यांना जमत होतं की. तुलाच धीर नव्हता."

मला पक्षाघातानंतरचे बाबा आठवले. तू शर्ट चढवायला गेलीस की ते तुझा हात ढकलायचे, आणि आपण म्हणायचो, आजारपणात किती हट्टी झालेत. नोकरी सोडून, पाठदुखी अंगावर काढून तू चार वर्षं त्यांचं सगळं केलंस. चमचासुद्धा धरू दिला नाहीस. सुट्टीला आले की मी तुझं कौतुक करायचे.

आता बाबा नाहीत. हे तुला सांगून काय मिळवू? पत्र वहीतच राहू दे. रविवारी फोनवर तू विचारशीलच, नापास कशी झालीस म्हणून. वेळ कमी पडला, असं सांगेन.

तुझी,
धाकटी