चंद्रीपुढं हात उचलू नका

बडनेरा

देवमनदादा,

रामराम लिहायचं मन नाही, तरी रामराम.

मणक्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरनं आता कुठं मले घोडीजवळ जायची परवानगी देली. वजन उचलायचं नाही, टांग्यावर चढायचं नाही, नुसतं लगाम धरून अंगणात फिरवायचं. काल चंद्रीच्या मानेवर हात फिरवाले गेलो, तं ते दोन पायांवर उभी झाली! मी पडलो असतो तं जिंदगीभर खाटेवरच राहिलो असतो. माह्या घोडीले मारून मारून असं भेकड कावून केलं, दादा? माह्या टांग्यात चाबूक कधीच नव्हता.

गोदा म्हणते, "गप राहा. तुमी खाटेवर होते तवा दादानं टांगा हाकला म्हणून आपली चूल पेटली." खरं हाय. म्हणूनच जास्त राग येते, अन् म्हणूनच हे पत्र टपालाच्या पेटीत पडणार नाही.

आज पुन्हा गेलो. कालच्या हिसक्यानं पाठ धरली होती, हात खांद्याच्या वर जाईना. चंद्री थरथरत त्या हाताकडंच पाहत होती. तो वर गेलाच नाही. मंग तिनं मान खाली करून माह्या छातीले टेकवली. मी लुळा झालो म्हणून तिले बरा वाटलो! हा राग कोनावर काढू?

दसऱ्याले तुमी चंद्रीच्या पूजेले यालच. पुरणपोळी खा, पोट भरून खा. पण तिच्या कपाळाले कुंकू गोदा लावंन. तुमी हात मांगं बांधून दूर उभे राहा.

तुमच्याच मिठावर जगलेला,
सूर्यभान